कांचेच्या बशींतील मज्जारज्जु

कृष्णा आणि पंचगंगा या दोन नद्यांच्या संगमावर वसलेलें नृसिंहवाडी हें क्षेत्र आपणांपैकीं बहुतेकांस ठाऊक असेल. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यांतील या लहानशा गांवीं दत्तगुरूंच्या पादुकांच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंत धडधाकट माणसें असतात, तशींच दुखणाइतांना घेऊन आलेलीं कुटुंबेंही असतात. औषधोपचार थकले म्हणजे कांहीं दिवस वाडीस राहून सेवा करावी, ही या भागांतील जुनी रीत आहे. अशा दुखणाइतांत अधूनमधून एखादा तरुण असा दिसतो कीं, त्याचा चेहरा निरोगी आहे, बोलणें स्वच्छ आहे, हातांत बळ आहे, आणि तरीही घाटाच्या पायऱ्या उतरून त्याला पाण्यापर्यंत जातां येत नाहीं. चौघांनीं खुर्चीसकट उचलून न्यावें तेव्हां त्याचें स्नान व्हावयाचें. विचारपूस केली तर उत्तर बहुधा ठरलेलें असतें. कोणी झाडावरून पडलेला असतो, कोणी विहिरींत, तर कोणाला मोटारसायकलीचा अपघात झालेला असतो. हाड केव्हांच सांधलें. पाय मात्र परत आले नाहींत.

हाड सांधतें, त्वचेची जखम भरून येते, यकृताचा भाग कापून काढला तरी तें पुन्हां वाढतें. मग पाठीच्या कण्यांतील या एका दोरीचेंच असें काय आहे कीं ती एकदां तुटली म्हणजे तुटलीच? हा प्रश्न वैद्यांना फार पुरातन काळापासून पडलेला आहे. त्याचें पुरतें उत्तर अजून हातीं आलेलें नाहीं. परंतु उत्तर शोधण्याचें एक नवें साधन गेल्या दहापंधरा वर्षांत सिद्ध झालें आहे. माणसाच्या त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशींपासून मज्जारज्जूचा एक लहानसा नमुना प्रयोगशाळेंत वाढवितां येऊं लागला आहे. हा नमुना म्हणजे काय, तो कसा करितात, त्याचा उपयोग कोणता, आणि त्याच्याकडून कोणती अपेक्षा करूं नये, एवढें आजच्या भाषणांत सांगण्याचा विचार आहे.

प्रथम मूळ वस्तूची ओळख करून घेऊं. मज्जारज्जु म्हणजे मेंदूच्या बुडापासून निघून मणक्यांच्या पोकळींतून खालीं उतरणारी मऊ दोरी. प्रौढ मनुष्यांत ती सुमारें ४५ सेंटिमीटर लांब आणि करंगळीएवढी जाड असते. कमरेच्या पहिल्यादुसऱ्या मणक्यापाशीं ती संपते. तिच्यापासून दोन्ही बाजूंना मिळून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात. पाय उचल, मूठ आवळ, अशा मेंदूच्या आज्ञा या दोरींतून खालीं जातात. आणि कांटा बोंचला, पाणी गार लागलें, अशा वार्ता तिच्यांतूनच वर येतात. दोरी आडवी कापून पाहिली तर आंत फुलपाखराच्या आकाराचा करडा भाग दिसतो. त्याच्या पोटाकडील पंखांत स्नायूंना आज्ञा पोंचविणाऱ्या चालक पेशी असतात, व पाठीकडील पंखांत संवेदना स्वीकारणाऱ्या पेशी असतात. करड्या भागाभोंवतीं जो पांढरा भाग दिसतो तो लांब पल्ल्याच्या तंतूंचा. कांहीं चालक पेशींचे तंतु तर थेट तळपायाच्या स्नायूंपर्यंत, म्हणजे जवळजवळ मीटरभर लांब गेलेले असतात.

हातापायांतील मज्जातंतु तुटला तर तो दिवसाला सुमारें एक मिलिमीटर या गतीनें पुन्हां वाढूं शकतो. मज्जारज्जूंतील तंतूंना तें साधत नाहीं. प्रौढपणीं त्यांची वाढण्याची उपजत शक्ति मंदावलेली असते. भोंवतालच्या आवरणांतील कांहीं द्रव्यें त्यांना वाढूं देत नाहींत. आणि जखमेच्या जागीं जो वण तयार होतो तो नुकसान पसरूं देत नाहीं हें खरें, पण नव्या तंतूची वाटही अडवितो. हें सर्व आपणांस कळलें तें बहुतांशीं उंदरांवरून. रक्त काढून तपासतां येतें, यकृताचा कण सुईनें घेतां येतो. परंतु जिवंत माणसाच्या मज्जारज्जूचा तुकडा केवळ अभ्यासासाठीं काढणें म्हणजे त्याला नवें अपंगत्व देणें होय. आणि उंदीर हा कांहीं लहान आकाराचा माणूस नव्हे. हालचालींच्या आज्ञा मेंदूकडून आणणारा मुख्य तंतुसमूह उंदराच्या मज्जारज्जूंत पाठीच्या बाजूस असतो, तर माणसाच्या मज्जारज्जूंत तो मुख्यतः कडेला असतो. उंदरांवर गुणकारी ठरलेले कित्येक उपाय माणसांवर निष्फळ ठरले, त्याला असले भेदही थोडेफार कारण आहेत. म्हणून माणसाचाच मज्जारज्जु, पण माणसाला इजा न करितां, अभ्यासावयास मिळावा, ही संशोधकांची जुनी इच्छा होती.

शरीराबाहेर जिवंत पेशी वाढविण्याची विद्या नवी नाहीं, आणि विशेष असें कीं तिचा आरंभच मज्जारज्जूच्या अभ्यासापासून झाला. १९०७ सालीं अमेरिकेंत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत रॉस हॅरिसन या शास्त्रज्ञानें बेडकाच्या गर्भांतील, ज्या पट्टीपासून पुढें मज्जारज्जु बनतो त्या पट्टीचा सूक्ष्म तुकडा घेतला. बेडकाच्याच लसिकेच्या थेंबांत तो ठेवला. आणि तो थेंब कांचेखालीं टांगून सूक्ष्मदर्शकांतून पाहिला. त्या काळीं मोठा वाद चालूं होता कीं, मज्जातंतु एकाच पेशींतून फुटून लांब वाढत जातो, कीं अनेक पेशी एकास एक जोडल्या जाऊन तो बनतो? पेशींतून तंतु बाहेर पडून पुढें पुढें सरकत असतांना हॅरिसननें प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहिला आणि वाद मिटविण्यास त्याचें फार साहाय्य झालें.

ही विद्या आपल्याकडे रुजविण्याचें श्रेय पुण्यास जन्मलेल्या एका विदुषीस आहे. डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, यांचा जन्म १९१७ सालचा. मुंबईस डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखालीं संशोधन करून त्यांनीं डॉक्टरेट मिळविली, आणि त्यानंतर त्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांतच जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेंत पेशीसंवर्धनाचें तंत्र शिकल्या. परत आल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत त्यांनीं या देशांतील पहिली पेशीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. त्यांचें स्वतःचें कार्य कर्करोगाविषयीं होतें. परंतु पेशींना शरीराबाहेर अन्नपाणी देऊन जगवितां येतें व त्यांना प्रश्न विचारतां येतात, हा धडा त्यांनीं येथील तरुण संशोधकांना घालून दिला. १९८२ सालीं त्यांना पद्मभूषण मिळालें. आज सावित्रीबाई फुले पुणें विद्यापीठाच्या आवारांत राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, आणि तेथील भांडारांतून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरविल्या जातात. कोल्हापुरासही डी. वाय. पाटील विद्यापीठांत मूलपेशींच्या संशोधनाचा एक विभाग आहे.

बशींतील पेशींचा माणसाच्या पायांशीं काय संबंध, असें ज्यांना वाटत असेल त्यांनीं पोलिओचें उदाहरण ध्यानांत घ्यावें. पोलिओचा विषाणु मज्जारज्जूंतील चालक पेशींवरच घाला घालतो. १९४९ पर्यंत समजूत अशी होती कीं, हा विषाणु मज्जासंस्थेच्या पेशींशिवाय वाढत नाहीं. त्यामुळें संशोधकांना माकडांवर अवलंबून राहावें लागे. त्या वर्षीं बोस्टन येथें एंडर्स, वेलर व रॉबिन्स या तिघांनीं तो विषाणु इतर पेशींच्या संवर्धनांत वाढवून दाखविला, आणि मोठ्या प्रमाणावर लस करण्याचा मार्ग मोकळा झाला. १९५५ सालीं सॉल्क यांची लस प्रचारांत आली. भारतांत नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्यें आढळला, आणि मार्च २०१४ मध्यें आपला प्रदेश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. एकेकाळीं गल्लोगल्लीं दिसणारीं लोखंडी सळ्यांच्या बुटांतील मुलें आज दिसत नाहींत, याचा उगम पेशींनीं भरलेल्या अशा कांहीं कांचेच्या नळ्यांत आहे.

आतां आजच्या नमुन्याकडे वळूं. तो तयार करण्यांतील पहिली अडचण ही कीं, मूळ पेशी आणावयाच्या कोठून? गर्भाच्या अगदीं आरंभीं ज्या पेशी असतात त्या कोऱ्या पाटीसारख्या असतात. त्यांपासून शरीराचा कोणताही भाग बनूं शकतो. त्यांना मूलपेशी म्हणतात. परंतु मानवी गर्भांतून त्या घेणें अनेकांच्या विवेकबुद्धीस रुचत नाहीं. ही अडचण जपानांतील क्योटो विद्यापीठाच्या शिन्या यामानाका यांनीं दूर केली. २००६ सालीं उंदराच्या आणि २००७ सालीं माणसाच्या त्वचेंतील प्रौढ पेशींत चार विवक्षित जनुकें घालून त्यांनीं त्या पेशींना पुन्हां कोऱ्या अवस्थेंत नेऊन दाखविलें. पेशी ज्या वाटेनें चालून आली त्या वाटेनें तिला उलट पावलीं परत नेतां येतें, हें या प्रयोगानें सिद्ध झालें. या कार्याबद्दल २०१२ सालीं त्यांना सर जॉन गर्डन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें. आतां कोणाही प्रौढ माणसाच्या चिमूटभर त्वचेपासून किंवा थोड्या रक्तापासून त्याच्याच जनुकसंचाच्या मूलपेशी तयार करतां येतात.

दुसरी अडचण अशी कीं, या कोऱ्या पेशींना मज्जारज्जु व्हा असें सांगावयाचें कसें? येथें संशोधकांनीं स्वतःचें डोकें फारसें चालविलें नाहीं; गर्भ जें करतो त्याचेंच अनुकरण केलें. गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्याच्या अखेरीस गर्भाच्या पाठीवरील एक पट्टी दोन्ही कडांनीं वर वळून मिटते आणि तिची नळी होते. या नळीचाच पुढें मेंदू व मज्जारज्जु बनतो. नळीच्या भिंतींतील पेशी प्रथम सारख्याच असतात. मग पोटाकडील पेशींनीं चालक व्हावें आणि पाठीकडील पेशींनीं संवेदक व्हावें, हें त्यांना कोण सांगतें? नळीच्या पोटाकडील बाजूस पृष्ठरज्जु नांवाची एक कांडी असते. ती 'सॉनिक हेजहॉग' नांवाचें एक प्रथिन स्रवते. हें चमत्कारिक नांव एका चित्रखेळांतील पात्रावरून ठेवण्यांत आलें आहे. पाठीकडील बाजूनें दुसऱ्या जातीचीं प्रथिनें पाझरत असतात.

हें कसें घडतें तें समजण्यासाठीं पुन्हां वाडीच्या संगमाकडे पाहावें. एका अंगानें कृष्णा येते, दुसऱ्या अंगानें पंचगंगा, आणि मध्यें दोहींचें पाणी हळूहळू मिसळत जातें. डोळे बांधून एखाद्या पोहणाऱ्यास प्रवाहांत सोडलें, आणि आपल्या ओंजळींतील पाण्यांत कोणत्या नदीचा अंश किती आहे एवढें जर त्याला ओळखतां आलें, तर आपण कोणत्या तीराजवळ आहों हें तो न पाहतां सांगूं शकेल. नळींतील प्रत्येक पेशी नेमकें हेंच करते. पोटाकडील प्रथिन किती आणि पाठीकडील प्रथिन किती, या प्रमाणावरून ती आपली जागा ओळखते आणि त्या जागेला शोभेल तें काम पत्करते.

प्रयोगशाळेंतील कृति याच तत्त्वावर बसविलेली आहे. मूलपेशींना नियंत्रित उष्णतेच्या कपाटांत, साखर, क्षार व जीवनसत्त्वें असलेल्या द्रवांत ठेवितात. त्यांत ठराविक दिवशीं ठराविक द्रव्यें ठराविक प्रमाणांत घालीत जातात. एका द्रव्यानें पेशी शेपटाकडील, म्हणजे मेंदूच्या ऐवजीं मज्जारज्जूच्या दिशेनें वळतात. 'अ' जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेटिनॉइक आम्लानें त्यांचें मज्जारज्जुपण पक्कें होतें. आणि सॉनिक हेजहॉगसारखें काम करणाऱ्या द्रव्यानें चालक पेशी निपजतात. दिवस चुकला किंवा प्रमाण चुकलें तर मज्जारज्जूऐवजीं भलताच ऊतक तयार होतो. पुष्कळशा पेशी एकत्र गोळा करून तरंगत्या ठेविल्या म्हणजे त्या आपोआप रचना करूं लागतात. कांहीं आठवड्यांत मोहरीएवढा, आणि पुढें फार तर वाटाण्याएवढा पांढुरका गोळा तयार होतो. इंग्रजींत याला ऑर्गॅनॉइड म्हणतात. आपण तूर्त 'अवयवकल्प' म्हणूं. अवयवासारखा, पण अवयव नव्हे, हा अर्थ त्या शब्दांत येतो.

या गोळ्यांनीं आजवर काय साधलें त्याचीं कांहीं उदाहरणें सांगतों. २०२० सालीं बर्लिन येथील मीना गूटी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एकाच मूळच्या पेशींपासून मज्जारज्जूचा भाग व त्याला जोडलेला स्नायु हे दोन्ही एकत्र वाढविले. मज्जापेशींच्या आज्ञेनें तो स्नायु बशींत आकुंचन पावूं लागला. २०२२ सालीं कोरियांतील संशोधकांनीं असे अवयवकल्प तयार केले कीं, ज्यांत पट्टी वळून नळी होण्याची क्रिया पाहतां येते. ही नळी नीट मिटली नाहीं तर मूल पाठीच्या कण्याच्या जन्मजात व्यंगासह जन्मास येतें. फेफऱ्यावरील कोणतीं औषधें या मिटण्यांत विघ्न आणतात, हें त्यांनीं या नमुन्यांवर तपासून पाहिलें. गरोदर स्त्रीवर असा प्रयोग कोणीही करणार नाहीं. गोळ्यावर तो करतां येतो. जातां जातां सांगावयास हवें कीं, ही नळी मिटते तेव्हां पुष्कळ स्त्रियांना आपण गरोदर असल्याचें कळलेलेंही नसतें. म्हणून फॉलिक आम्लाची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानें गर्भधारणेपूर्वींच सुरू करणें हिताचें असतें.

तिसरें उदाहरण ऐकून कोल्हापूरकरांस कौतुक वाटेल. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत २०२५ सालीं चार निरनिराळे अवयवकल्प ओळीनें जोडण्यांत आले. पहिला त्वचेंतील संवेदना घेणाऱ्या पेशींचा, दुसरा मज्जारज्जूच्या पाठीकडील भागाचा, आणि तिसरा व चौथा मेंदूच्या दोन भागांचा. पहिल्या गोळ्यास मिरचीच्या तिखटपणाचें मूळ द्रव्य लावतांच संवेदनेची लहर चारही गोळ्यांतून उमटत गेली. या गोळ्यांना वेदना होते असा याचा अर्थ नव्हे. वेदना भोगणारा कोणी तेथें नसतो. पण वेदनेची वार्ता ज्या वाटेनें जाते ती वाट प्रथमच शरीराबाहेर मांडून ठेवतां आली. जुनाट वेदनेवर व्यसन न लावणारें औषध शोधण्यास तिचा उपयोग होण्यासारखा आहे.

आपल्या घराशेजारीं पोंचणारें उदाहरण आणखी वेगळें आहे. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या बालरोगांत एका जनुकाच्या दोषामुळें मज्जारज्जूंतील चालक पेशी मरत जातात आणि मुलाचे स्नायु लुळे पडतात. हें जनुक १९९५ सालीं सांपडलें. माणसाच्या पेशींत या जनुकाची एक दुय्यम, अर्धवट काम करणारी प्रत असते. उंदरांत ती मुळींच नसते. म्हणजे या रोगाची किल्ली मानवी पेशींतच शोधणें भाग होतें. २००९ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन येथें एका रोगी बालकाच्या व त्याच्या निरोगी आईच्या त्वचेच्या पेशींपासून मूलपेशी, आणि त्यांपासून चालक पेशी तयार करण्यांत आल्या. आरंभीं दोहोंत फरक दिसेना; पण कांहीं आठवड्यांनीं बालकाच्या पेशी संख्येनें रोडावल्या व आकारानें लहान झाल्या. बालकाच्या शरीरांत कोणास न दिसतां जें घडलें होतें, तें बशींत पुन्हां घडतांना पाहतां आलें. पुढें २०१६ सालीं त्या दुय्यम प्रतीकडून अधिक काम करून घेणारें औषध अमेरिकेंत मान्य झालें, आणि २०१९ सालीं निरोगी जनुक एकदांच टोंचून देण्याचा उपचार आला. हीं औषधें अवयवकल्पांतून निघालीं असें नव्हे. परंतु २०२१ सालीं मुंबई-पुण्याकडील कांहीं कुटुंबांना आपल्या तान्ह्या मुलांसाठीं १६ कोटी रुपयांच्या औषधाकरितां लोकवर्गणी मागावी लागली, हें आपण वर्तमानपत्रांतून वाचलें आहे. एका औषधाची किंमत एवढी चढावी, याला अनेक कारणें आहेत. पण मनुष्यापर्यंत पोंचून अपयशी ठरणाऱ्या औषधांवर वर्षानुवर्षें होणारा खर्च हें त्यांतील एक आहे. जें औषध निरुपयोगी आहे तें बशींतच लवकर ओळखतां आलें, तर हा खर्च कांहीं अंशीं तरी वांचेल. या दृष्टीनें आपल्या सरकारनें मार्च २०२३ मध्यें नव्या औषधांच्या चाचण्यांविषयींच्या नियमांत दुरुस्ती करून, प्राण्यांऐवजीं पेशीसंवर्धन व अवयवकल्प यांवर केलेल्या परीक्षेलाही स्थान दिलें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

केवळ परदेशांतच काम चालूं आहे असें कोणीं समजूं नये. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेंत अर्णव घोष व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कोंबडीच्या गर्भांतील मज्जारज्जूवर अभ्यास केला आहे. वाढत्या तंतूच्या टोकास बोटांसारखे सूक्ष्म फांटे असतात. त्यांनीं चांचपीत तंतु आपली वाट काढतो. 'फॉर्मिन-२' नांवाचें प्रथिन कमी केलें तर हे फांटे डळमळतात आणि मज्जारज्जूंतील तंतु वाट चुकतात, असें त्यांनीं २०१६ सालीं दाखविलें. १९०७ सालीं हॅरिसननें जो तंतु सरकतांना पाहिला, तो कशाच्या आधारानें सरकतो याचा शोध पुण्यास लागत आहे. तुटलेला तंतु पुन्हां वाढवावयाचा असेल तर ही माहिती हाताशीं असणें अवश्य आहे.

मज्जारज्जूच्या दुखापतीचा अभ्यासही या गोळ्यांवर होऊं लागला आहे. त्यांना बारीक शस्त्रानें छेद देतात किंवा दाबून इजा करितात, आणि मग कोणत्या द्रव्यानें तंतु पुन्हां वाढतात तें पाहतात. २०२१ सालीं अमेरिकेंतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांत सॅम्युएल स्टप यांनीं सतत हलणाऱ्या रेणूंचें एक द्रव्य दुखापत झालेल्या उंदरांना एकदां टोंचलें, तेव्हां चार आठवड्यांत ते पुन्हां चालूं लागले. अशा उपायाचा मानवी पेशींवर काय परिणाम होतो हें माणसाला सुई लावण्यापूर्वीं पाहतां येणें, हाच या गोळ्यांचा खरा उपयोग.

आतां उणिवा सांगतों, कारण त्या न सांगितल्यास चित्र खोटें होईल. या गोळ्यांत रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळें गोळा मोठा होऊं लागला कीं मधल्या पेशी उपाशी मरतात. त्याचें वय गर्भाचें असतें; महिनोन्महिने वाढविला तरी तो विशीतिशींतल्या माणसाच्या मज्जारज्जूसारखा होत नाहीं, आणि अपघात तर विशीतिशींतल्या माणसांनाच अधिक होतात. त्याला वर मेंदू नाहीं, खालीं पाय नाहींत, भोंवतीं मणके नाहींत. जखमेनंतर धांवून येणाऱ्या संरक्षक पेशी त्यांत आपोआप निपजत नाहींत. त्या वेगळ्या वाढवून मिसळाव्या लागतात. मीटरभर लांबीचे तंतु तर त्यांत असूंच शकत नाहींत. शिवाय एकाच कृतीनें केलेले दोन गोळे तंतोतंत सारखे निघत नाहींत. तेव्हां गोळ्यावर औषध लागू पडलें म्हणजे माणूस चालूं लागला, असें अनुमान कोणींही काढूं नये.

आणि येथेंच, श्रोतेहो, आपणां सर्वांच्या खिशाशीं व मनःशांतीशीं संबंध असलेली गोष्ट येते. मूलपेशींपासून केलेला नमुना ही संशोधनाची वस्तु आहे; ती उपचाराची वस्तु नव्हे. परंतु मूलपेशी हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडीं झाल्यामुळें, "टोंचून घ्या, चालूं लागाल" अशा जाहिराती करणारे लोकही निघाले आहेत. ज्या घरांतील कर्ता मुलगा अंथरुणास खिळला आहे तें घर शेतीचा तुकडा विकूनही लाखों रुपये उभे करतें. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणें, रक्ताच्या कांहीं रोगांसाठीं केलें जाणारें मूलपेशींचें रोपण व तत्सम मान्य उपचार सोडल्यास, मूलपेशींचा वापर रीतसर मंजूर झालेल्या चाचणीबाहेर करतां येत नाहीं. आणि खऱ्या चाचणींत भाग घेणाऱ्याकडून तिचे पैसे घ्यावयाचे नसतात. म्हणून कोणी असा उपचार सुचविला तर दोन प्रश्न विचारावे. ही नोंदलेली चाचणी आहे काय? आणि हिचे पैसे कोण देणार? पहिल्याचें उत्तर टाळलें गेलें व दुसऱ्याचें उत्तर आपलेंच नांव निघालें, तर तेथून उठावें.

खरें संशोधन किती सावकाश चालतें याचा नमुना जपानांत पाहावा. टोकियोच्या किओ विद्यापीठानें मज्जारज्जूची दुखापत नुकतीच झालेल्या चार रोग्यांस यामानाका यांच्या पद्धतीनें केलेल्या पेशींपासून सिद्ध केलेल्या, प्रत्येकीं सुमारें वीस लक्ष पेशी दिल्या. २०२५ सालीं त्यांनीं निष्कर्ष सांगितला तो असा कीं, कोणास गंभीर अपाय झाला नाहीं आणि चौघांपैकीं दोघांच्या हालचालींत सुधारणा झाली. ही वार्ता आशेची आहे यांत संशय नाहीं. परंतु अशा दुखापतींत कांहीं सुधारणा आपोआपही होते, आणि चार या संख्येवरून नियम बांधतां येत नाहीं, हें त्या संशोधकांनाही मान्य आहे.

एक नैतिक प्रश्नही येथें निघतो. हे गोळे कोणाच्या तरी शरीरांतील पेशींपासून बनतात. १९५१ सालीं बाल्टिमोर येथें हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या अर्बुदांतील पेशी तिला न विचारतां घेण्यांत आल्या. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेंत त्या वाढविल्या गेल्या आणि पुढें जगभर पसरल्या. त्यांच्यापासून विज्ञानाचा अपार लाभ झाला, पण तिच्या कुटुंबास कित्येक वर्षें याचा पत्ताही नव्हता. आज पेशी घेण्यापूर्वीं लेखी संमति घ्यावी लागते. ती संमति रोग्यास समजेल अशा भाषेंत, आपल्याकडे म्हणजे स्वच्छ मराठींत, समजावून सांगितली गेली पाहिजे. नुसती सही घेणें पुरेसें नाहीं.

हें सर्व उद्यांचें झालें. ज्यांचा मज्जारज्जु आजच दुखावलेला आहे त्यांनीं काय करावें? त्यांना जगण्यासाठीं विज्ञानाची वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. पुण्याजवळ खडकी येथें १९७४ पासून जखमी जवानांसाठीं पुनर्वसन केंद्र आहे. कोल्हापुरांत नसीमा हुरजूक यांनीं, ज्यांना स्वतःला तरुणपणींच पायांचें चलनवलन गमवावें लागलें, 'हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली, आणि 'चाकाची खुर्ची' या आत्मकथनांत आपला प्रवास सांगितला. व्रण पडूं न देणें, मूत्रमार्गाची निगा राखणें, हातांचें बळ वाढविणें, शिक्षण व नोकरी मिळविणें, या गोष्टींनीं अशा माणसांचें आयुष्य वाढतें आणि त्याला अर्थ येतो. देवळांत, शाळेंत, कचेरींत पायऱ्यांच्या बाजूस एक उतार बांधणें यासाठीं तर कोणत्याही शोधाची आवश्यकता नाहीं.

शेवटीं प्रत्येकाच्या हातीं असलेली एक गोष्ट सांगून भाषण पुरें करतों. रस्त्यावर अपघात झाला किंवा कोणी उंचावरून पडला, म्हणजे आपण धांवत जातों आणि दोघे हात धरून व दोघे पाय धरून त्याला उचलतों. हेतु चांगला असतो. परंतु मणका मोडलेला असेल तर तो या उचलण्यानें सरकतो, आणि तोंवर शाबूत असलेला मज्जारज्जु चिरडला जाण्याची भीति असते. आग किंवा वाहनें यांचा धोका नसेल तर त्याला आहे तसाच पडूं द्यावा. त्याचें डोकें दोन्ही हातांनीं स्थिर धरावें, मान वळूं देऊं नये, बसवूं नये, पाणी पाजण्यासाठीं मान उचलूं नये, आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हलविणें भागच पडलें तर डोकें, मान व पाठ एका सरळ रेषेंत राहतील अशा बेतानें, फळीवर किंवा मोडून काढलेल्या दारावर घेऊन हलवावें. तुटलेला मज्जारज्जु जोडण्याची विद्या यावयास किती काळ लागेल तो लागो. न तुटलेला जपण्याची विद्या एवढीच आहे, आणि ती आज रात्रीं घरांतील मुलांनाही शिकवितां येईल.